बॅकअप घेतलाय, पण तो वाचेल का?

छोट्या व्यापाऱ्याला बॅकअपबद्दल विचारलं, तर बहुधा लगेच उत्तर येतं, ‘घेतो की रोज, पेनड्राइव्हवर.’ तो पेनड्राइव्ह असतो काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर मशीनलाच लावलेला. प्रत काढली की बॅकअप झाला, हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा संगणक आणि त्याच टेबलाचा ड्रॉवर एकत्रच बुडाले असणार. मूळ डेटा ज्या कारणाने जाईल त्याच कारणाने प्रतही जाणार असेल, तर अशा पाच प्रती असल्या तरी हिशेबात त्या शून्य धराव्यात. म्हणून पद्धत निवडताना ‘कुठे ठेवू’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘कशाकशाने जाईल?’

या कसोटीवर बरेच लोकप्रिय उपाय अर्धेच उतरतात. सर्व्हरमध्ये एकमेकींची हुबेहूब नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क असल्या की एक बिघडली तरी काम चालू राहतं, एवढंच. चुकून पुसलेलं लेजर त्याच क्षणी दोन्हींवरून पुसलं जातं. गूगल ड्राइव्हशी सिंक केलेल्या फोल्डरचंही तेच: इथे फाइल उडवली की तिथूनही उडते. ‘पण ट्रॅशमधून परत आणता येते ना?’ येते, ३० दिवसांपर्यंत. एप्रिलमध्ये उडालेली फाइल ऑडिटच्या वेळी सप्टेंबरमध्ये शोधायला गेलात, तर त्या सोयीचा उपयोग नाही. आणि जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. तेव्हा दर महिन्याची एक आणि वर्षअखेरची एक प्रत वेगळी काढून ठेवावी, तिच्यावर नवी प्रत चढवू नये.

‘आपल्या दुकानावर कोण कशाला हल्ला करेल?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. जून २०१७ मधला नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. न्हावा शेवाचं त्याच्याशी काहीही वैर नव्हतं, तरी तिथलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मर्स्ककडे कर्मचाऱ्यांची खाती आणि परवानग्या सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर होते. ते सतत एकमेकांची नक्कल घेत, त्यामुळे वेगळ्या बॅकअपची गरज भासली नव्हती. सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! लोडशेडिंगचे उपकार मानायची वेळ क्वचितच येते. एवढ्या मोठ्या कंपनीला नशिबाने मिळालेली गोष्ट दुकानदाराला विकत घेता येते: दोन पोर्टेबल हार्डडिस्क, आलटून पालटून वापरायच्या, बॅकअप झाला की केबल काढायची आणि एक घरी न्यायची. घरही त्याच पूररेषेत असेल, तर दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, पासवर्ड घालून.

एवढा खटाटोप छोट्याला परवडतो का? साध्या दुकानाचा टॅलीचा डेटा फार मोठा नसतो. त्याची प्रत मिनिटांत निघते, क्लाउडवरही सहज जाते. तिथे डिस्क आणि क्लाउड दोन्ही ठेवावेत. फोटो स्टुडिओची गोष्ट वेगळी. एक टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून परत उतरवायला, वेग एकदाही न घसरता, २२ तास लागतात, आणि स्टुडिओकडे असे कित्येक टेराबाइट असतात. त्याने आधी डिस्कचा विचार करावा आणि न दिलेल्या ऑर्डरींपुरताच क्लाउड घ्यावा.

शेवटचा गैरसमज जाणकारांचाही होतो: ‘बॅकअप सक्सेसफुल’ दिसलं की निश्चिंत. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनीच. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप जिथे साठायला हवा, ती जागा रिकामी निघाली. बॅकअपचं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं असल्याने ते अपयशी ठरत होतं, आणि तशी सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या एका प्रतीने त्यांना तारलं.

जीएसटी नियमावलीतला नियम ५७ हेच मागतो: अपघात किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या, तर त्या वाजवी वेळेत परत उभ्या करता आल्या पाहिजेत. त्याची परीक्षा सोपी आहे. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. चालू फोल्डरवर नको, नाहीतर आजच्या डेटावर जुना चढेल. मग शेवटच्या व्हाउचरची तारीख, बँक शिल्लक आणि ट्रायल बॅलन्सची बेरीज मूळ डेटाशी ताडून पाहा. आकडे जुळेपर्यंत आपल्याकडे बॅकअप आहे असं धरू नका.