अस्वलांच्या मुलखांत भरलेली बंदूक

उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, नॉर्वेच्या ताब्यांतील स्वालबार्ड द्वीपसमूहांत, लाँगइयरब्येन नांवाचें सुमारें २,५०० वस्तीचें एक गांव आहे. तेथें दोन प्रकारच्या पाट्या प्रवाशाचें लक्ष वेधून घेतात. गांव जेथें संपतें तेथें तांबड्या त्रिकोणांत पांढरें अस्वल काढलेलें असून, हा इशारा संपूर्ण स्वालबार्डला लागू आहे असें त्याखालीं लिहिलेलें असतें. दुसरी पाटी गांवांतील दुकानांच्या दारांवर असते. तिच्यावर बंदूक आंत आणण्यास मनाई केलेली असते. या दोन पाट्यांमधील अंतर कांहीं मिनिटांच्या चालीचें; पण पहिल्या पाटीपलीकडे बंदुकीवांचून जाणें वेडेपणाचें, आणि अलीकडे ती भरलेली ठेवणें गुन्ह्याचें. संरक्षणासाठीं भरलेलें शस्त्र बाळगण्याच्या प्रश्नांतील सारी अडचण या दोन पाट्यांत सामावलेली आहे.

स्वालबार्डच्या गव्हर्नराचा नियम काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. वस्तीबाहेर जाणाऱ्यानें अस्वलास भिवविण्याचें व हांकलून लावण्याचें योग्य साधन जवळ ठेविलेंच पाहिजे, अशी सक्ति आहे. बंदुकीची शिफारस त्याच्या जोडीला केलेली आहे. म्हणजे आधीं प्रकाशगोळा सोडणारें पिस्तूल, आधीं मोठा आवाज, रायफल त्यानंतर. कारण १९७३ पासून तेथील अस्वलास कायद्याचें संरक्षण आहे, आणि जीव वांचविण्यासाठीं जरी तें मारावें लागलें, तरी त्याची रीतसर चौकशी होते. अस्वल भेटल्यावर काय करावें यापेक्षां तें भेटूं नये म्हणून काय करावें, यावर अधिकाऱ्यांचा भर अधिक. जेथें अस्वल दिसलें तेथून दूर निघून जावें, हा त्यांचा पहिला उपदेश.

आतां ‘भरलेली बंदूक’ या शब्दांचा नेमका अर्थ पाहिला पाहिजे. कारण सामान्य माणसास बंदूक भरलेली असते किंवा रिकामी असते, एवढेंच ठाऊक असतें. शिकारी रायफलींत काडतुसें दोन जागीं असूं शकतात. एक मॅगझीन, म्हणजे काडतुसांचा खालचा सांठा; आणि दुसरें चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोंकाचें घर, जेथून गोळी प्रत्यक्ष सुटते. स्वालबार्डमध्यें रूढ असलेली पद्धति अशी, कीं प्रवासांत मॅगझीन भरलेलें ठेवावें आणि चेंबर रिकामें. या स्थितीला तेथील लोक ‘अर्धी भरलेली’ बंदूक म्हणतात. अस्वल अंगावर येऊं लागलें तर बोल्ट मागें ओढून पुढें ढकलला कीं काडतूस घरांत बसतें. त्यांत एखादा क्षण जातो. तो क्षण त्यांनीं जाणूनबुजून खर्ची घातलेला आहे. कारण बर्फावर पाय घसरतो, गाडीला धक्का बसतो, जाड हातमोज्यांतील बोटांना चापाचा स्पर्श कळत नाहीं, आणि बंदुकीच्या नळीपुढें बहुतेक वेळ असतो तो सोबतीच. प्रवासाच्या दहा दिवसांत अस्वल कदाचित् एकदांहि दिसत नाहीं. सोबत्याची पाठ मात्र दहाहि दिवस समोर असते.

थंडीचे आणखीहि कांहीं प्रताप आहेत. गारठ्यांत बंदुकीचें तेल घट्ट होतें आणि आंतील कमान मंदावते. बाहेर थंड झालेली रायफल उबदार खोलींत आणली कीं तिच्यावर दंव धरतें, आणि तीच पुन्हां बाहेर नेली कीं त्या दंवाचें बर्फ होऊन भाग अडकतात. म्हणून जाणते लोक बंदूक शक्य तों बाहेरच, थंडींत ठेवतात. बंदुकीची ताकदहि ठरलेली आहे: ‘३०८’ किंवा ‘३०-०६’ या जातीच्या काडतुसांहून कमी शक्तीची रायफल पांढऱ्या अस्वलापुढें पुरेशी मानीत नाहींत.

एवढी तयारी असूनहि काय होऊं शकतें, हें ऑगस्ट १९११ नव्हे, तर अगदीं अलीकडच्या ऑगस्ट २०११ मधील एका घटनेनें दाखविलें. ब्रिटिश विद्यार्थ्यांची एक तुकडी हिमनदीजवळ तंबू ठोकून राहिली होती. तंबूंभोवतीं तार ओढलेली होती. तिला धक्का लागतांच बार उडून झोपलेल्यांना जाग यावी, अशी योजना. अस्वल आलें, पण बार उडाला नाहीं. प्रमुखाजवळ रायफल होती. तिनें चार वेळां दगा दिला, आणि अखेर अस्वल मारलें गेलें तोंवर एका सतरा वर्षांच्या मुलाचा प्राण गेला होता व चौघे जखमी झाले होते. रक्तबंबाळ स्थितींत, जनावर हातभर अंतरावर असतांना बंदुकीची प्रत्येक कळ हातास पाठ असावी लागते. आणि ती तशी असली तरी यंत्र साथ देईलच, याची हमी कोणी देऊं शकत नाहीं.

अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत या प्रश्नाचा अभ्यास आंकड्यांनीं झाला आहे. तेथील तपकिरी अस्वल ताशीं ५० किलोमीटरहून अधिक वेगानें धांवतें. म्हणजे ४० मीटरांवरून निघालेलें अस्वल तीन सेकंदांच्या आंत माणसापर्यंत पोंचतें. शिवाय पुष्कळदां ही धांव नुसती हूल असते, आणि जनावर मध्येंच थबकून परत फिरतें. हूल कोणती आणि खरा हल्ला कोणता, हें त्या तीन सेकंदांत ओळखून नेम धरावयाचा! टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो व त्यांचे सहकारी यांनीं १८८३ ते २००९ या काळांतील बंदुकीच्या २६९ प्रसंगांचा आढावा घेऊन तो २०१२ मध्यें प्रसिद्ध केला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरें ८४ टक्के प्रसंगीं व लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के प्रसंगीं यशस्वी ठरल्या. हे आंकडे वाईट नाहींत. परंतु ज्यांनीं बंदूक चालविली आणि ज्यांच्याजवळ असूनहि त्यांनीं ती चालविली नाहीं, त्यांच्या दुखापतींत अभ्यासकांना फरक आढळला नाहीं. अपयशाचीं कारणें अगदीं घरगुती वाटतात: वेळ मिळाला नाहीं, सेफ्टीची कळ निघाली नाहीं, नेम चुकला, गोळ्या संपल्या, पाय अडखळला.

याच अभ्यासकांनीं २००८ मध्यें दुसऱ्या एका साधनाविषयीं लिहिलें होतें. तें साधन म्हणजे तिखटाचा फवारा. मराठी घरांत मिरचीची फोडणी करपली कीं सारें घर खोकूं लागतें. त्या मिरचींतील कॅप्सायसिन हेंच द्रव्य दाबून भरलेल्या डब्यांतून ७ ते ९ मीटरांपर्यंत ढगासारखें सोडतां येतें. अलास्कांतील ८३ प्रसंगांत या फवाऱ्यानें तपकिरी अस्वलाचें नको असलेलें वर्तन ९२ टक्के वेळां थांबविलें, आणि फवारा बाळगणाऱ्यांपैकीं ९८ टक्के लोक जवळच्या गांठींतून बिनजखमी सुटले. फवाऱ्यास बारीक नेम लागत नाहीं, हें त्याचें बळ. वारा उलटला तर चालविणाऱ्याचेच डोळे झोंबतात, हें खरें. पण तसे प्रसंग थोडे. मात्र दोन्ही याद्या शेजारीं मांडून सरळ तुलना करणें योग्य होणार नाहीं. बंदुकीच्या कथा पुष्कळशा शिकारींतल्या, जुन्या आणि रक्तरंजित म्हणूनच नोंदल्या गेलेल्या. फवाऱ्याच्या कथांत कुतूहलानें जवळ आलेलीं अस्वलेंहि आहेत. एकाकी मुलखांत काम करणारे कित्येक अनुभवी लोक दोन्ही साधनें जवळ ठेवतात, तें उगीच नव्हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणें भरलेलें शस्त्र बाळगतां येतें. परंतु यलोस्टोनमध्यें तें जवळ ठेवण्यास परवानगी असली, तरी झाडण्यास नाहीं. आणि उद्यानाचे अधिकारी प्रवाशांस फवारा जवळ ठेवण्याचा, घोळक्यानें व बोलत चालण्याचा आणि अस्वलापासून निदान ९१ मीटर दूर राहण्याचा सल्ला देतात. आवाज करीत चालण्याचें शहाणपण विदर्भांतील रानांत मोहफुलें वेचणाऱ्यांसहि सांगावें लागत नाहीं. अचानक समोर आलेल्या माणसावर अस्वल धांवून जातें, हें ते जाणून असतात. फवारा असो वा पिस्तूल, तें पाठीवरच्या पिशवीच्या तळाशीं असेल तर नसल्यासारखेंच. तें कमरेला किंवा छातीवर, हात आपोआप जाईल अशा जागीं असावें लागतें.

लाँगइयरब्येन येथें १९९३ मध्यें एक विद्यापीठ-केंद्र सुरू झालें. भूगर्भशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यास तेथें प्रथम सुरक्षिततेचे धडे घ्यावे लागतात, आणि त्यांत रायफल भरणें, रोखणें व झाडणें हें सारें येतें. या शिक्षणाचा कमी रोमांचक भाग रिकामी करण्याचा. वस्तीशीं येतांच नळीचें तोंड माणसांपासून दूर धरून मॅगझीनमधील काडतुसें एकएक करून बाहेर काढावयाचीं, तीं मोजावयाचीं, मग बोल्ट मागें ओढून चेंबरमध्यें डोळ्यांनीं पाहावयाचें व बोटानें चांचपावयाचें, आणि त्यानंतरच बंदूक खांद्याला अडकवून गांवांत शिरावयाचें.