सूत्रधार, पंच आणि पक्षपाताचा संशय

टेबलाभोवती बसून, कल्पित पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांची आधुनिक परंपरा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या खेळापासून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते. चार-सहा खेळाडू प्रत्येकी एकेक पात्र स्वीकारतात. एक व्यक्ती मात्र असे पात्र न घेता त्या कल्पित जगाचे वर्णन करते, पात्रांच्या कृतींचे परिणाम सांगते, परिणाम अनिश्चित असेल तेथे फासा टाकावयास लावते आणि शेवटी काय घडले ते जाहीर करते. इंग्रजीत या व्यक्तीस 'गेम मास्टर' म्हणतात. मराठीत तिला 'सूत्रधार' म्हणणे सोयीचे होईल. हा सूत्रधार एखाद्या खेळाडूस झुकते माप देतो, असा संशय इतरांस येऊ लागला तर तो कसा तपासावा आणि कसा व्यक्त करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. परंतु ज्या विधानाने वस्तुस्थिती केवळ सांगितली जात नाही, तर निर्माणच होते, त्या विधानाची न्याय्यता कोणत्या कसोटीवर घासावयाची, हा भाषाविचारातील एक मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे.

'सूत्रधार' हा शब्द येथे निव्वळ सोयीसाठी घेतलेला नाही. १८४३ साली सांगली येथे, चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पद्ये गाऊन प्रसंगाची मांडणी करीत असे आणि नट त्या अनुरोधाने आपापली गद्य भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. एकाने जग उभे करावयाचे आणि इतरांनी त्या जगात उत्स्फूर्तपणे बोलावयाचे, ही रचना आजच्या भूमिका-खेळाशी लक्षणीय साम्य दाखवते. तरीही भाव्यांच्या सूत्रधारावर पक्षपाताचा आरोप होण्यास फारसा वाव नव्हता. कथा प्रेक्षकांस आणि नटांस आधीच ठाऊक होती. धनुष्यभंग रामच करणार, रावणाची भूमिका करणारा नट कितीही सरस बोलला तरी सीता त्यास मिळणार नाही, हे ठरलेले होते. भूमिका-खेळात मात्र शेवट मोकळा असतो. धनुष्य कोणी उचलले हे सूत्रधारास त्या क्षणी ठरवावे लागते. म्हणजे त्याच्याकडे कथा सांगण्याच्या कामाबरोबरच दुसरेही एक काम येते आणि ते पंचाचे होय.

'पंच' या शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. त्याच्या मुळाशी 'पाच' ही संख्या आहे. पंचायत, 'पाचामुखी परमेश्वर' यांत अनेकांनी मिळून एकवटण्याची कल्पना जिवंत आहे. कुस्तीच्या वा क्रिकेटच्या मैदानावरील एकटा माणूसही आज पंच म्हणवतो. शब्द राहिला, त्यातील अनेकत्व मात्र गळाले. भूमिका-खेळातील सूत्रधार हा अशा एकट्या पंचाची टोकाची अवस्था होय, कारण ज्या मैदानावर तो निर्णय देतो ते मैदानही त्याच्याच वाणीतून उभे राहिलेले असते.

पंचाच्या उद्गाराचे स्वरूप जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत तपासले आहे. 'फलंदाज बाद' हे पंचाचे वाक्य दिसते वर्णनासारखे, पण त्याच्या उच्चाराने फलंदाज खेळातून जातो. असा उद्गार चुकीचा वा अन्याय्य असू शकतो आणि तरीही लागू राहतो. एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ साली याच मुद्द्याची दुसरी बाजू मांडली. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असणे वेगळे आणि तो प्रमादातीत असणे वेगळे. 'गुणलेखक म्हणेल तोच गुण' हाच जर नियम झाला, तर तो पूर्वीचा खेळ उरत नाही. गुणलेखकाच्या मर्जीचा निराळाच खेळ सुरू होतो. अंतिमता आणि अचूकता यांमधील या फटीतच पक्षपाताचा संशय जन्म घेतो.

ही फट किती रुंद असेल हे खेळाच्या रचनेवर अवलंबून असते. सातारा-सांगलीकडील मातीच्या मैदानातील निकाली कुस्तीत प्रतिस्पर्धी चीतपट झाला की नाही हे आखाड्याभोवती बसलेल्या लोकांनाही दिसते. पंचाचा शब्द बहुधा लोकांच्या डोळ्यांमागून येतो. गुणांवरील कुस्तीत मात्र प्रत्येक पकडीचे मोल पंचाने शब्दात वा खुणेत उतरवावे लागते. निर्णयांची संख्या वाढते तसतशी संशयाची जागाही वाढते.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होण्यापूर्वी मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपणास मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत घेण्यात आली, तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्यास अस्मान दाखवले आणि त्यांची निवड झाली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पंचांचा हेतू काय होता हे या मार्गाने सिद्ध झाले नाही, आणि ते सिद्ध होण्याची आवश्यकताही पडली नाही. प्रश्न हेतूवरून काढून निर्णयावर आणला गेला आणि निर्णयाची पुन्हा परीक्षा झाली. त्याच वर्षी हेलसिंकी येथे त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परंतु तेथेही एका लढतीनंतर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लाशी लगेच लढावे लागले आणि हरकत घेण्यास भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी जवळ नव्हता, अशी हकीकत सांगितली जाते. नियम अस्तित्वात होता. तो योग्य क्षणी उच्चारणारा अधिकृत आवाज नव्हता. मद्रासला दाद मागण्याची वाट सापडली, हेलसिंकीला ती सापडली नाही. दोन्ही प्रसंगांतील फरक एवढाच आहे.

भूमिका-खेळात अडचण आणखी एक पायरी पुढे जाते. तेथे खांदा नाही आणि मातीही नाही. पुन्हा लढत घ्यावी तर ती त्याच सूत्रधाराच्या वर्णनात घ्यावी लागणार. त्यामुळे एखाद्याच निर्णयावरून पक्षपात सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. अनेक बैठकांतील वाटणी मात्र तपासता येते. ही वाटणी तीन ठिकाणी पाहावी.

पहिले ठिकाण निर्णयाचे. वीस बाजूंच्या फाशावर किती दान पडले असता कृती यशस्वी मानावयाची, तो आकडा पुष्कळदा सूत्रधार ठरवतो. एकाच प्रकारची भिंत चढताना एका पात्रास दहाचे दान पुरते आणि दुसऱ्यास पंधरा लागते, असे कारण न सांगता वारंवार घडले, तर शंकेस आधार आहे. आकडा फासा पडल्यानंतर ठरवला जात असेल, किंवा फासा पडद्याआड टाकला जात असेल, तर निर्णय निःपक्षपाती असूनही तो तसा दिसणार नाही.

दुसरे ठिकाण पाळीचे. 'तुम्ही सगळे काय करता?' असा अनेकवचनी प्रश्न सूत्रधाराने टाकला की सर्वांत आधी बोलणाऱ्याचे उत्तर घटनेस वळण देते. तोच खेळाडू दर वेळी पुढे राहतो आणि इतरांस वाटते की सूत्रधार त्याचेच ऐकतो. येथे दोष मर्जीचा नसून प्रश्नाच्या वचनाचा असू शकतो. प्रत्येकास नावाने 'तू काय करतोस?' असे एकवचनात विचारू लागताच अशा संशयाचा बराच भाग विरून जातो.

तिसरे ठिकाण वर्णनाचे. आणि मराठी व्याकरणाच्या दृष्टीने ते विशेष बोलके आहे. 'तुझा वार चुकला' आणि 'शत्रूने मोठ्या चपळाईने तुझा वार चुकवला' या दोन वाक्यांत खेळातील परिणाम एकच आहे. परंतु 'चुकणे' या अकर्मक क्रियापदाने अपयश वार करणाऱ्याकडे राहते, तर 'चुकवणे' या सकर्मक रूपाने ते प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्याचे फळ ठरते. एका खेळाडूचे वार सदैव 'चुकतात' आणि दुसऱ्याचे 'चुकवले जातात', तर फाशांची बेरीज समान असूनही पहिल्यास आपण डावलले जात आहोत असे वाटणे स्वाभाविक आहे. अशी भाषा योजणाऱ्या सूत्रधारास आपण काही निवड करीत आहोत याची जाणीवही पुष्कळदा नसते.

यावरून संशय बोलून कसा दाखवावा याचे उत्तर बरेचसे मिळते. 'तू पक्षपात करतोस' हे वाक्य स्वभावाविषयीचे आहे. त्यावर नकार किंवा भांडण यांखेरीज उत्तर संभवत नाही. 'गेल्या तीन बैठकांत माझ्या पात्रावर एकही प्रसंग आला नाही. पुढील भागात तसे काही योजता येईल काय?' हे विधान वाटणीविषयीचे आहे, पडताळता येण्याजोगे आहे, आणि सूत्रधारास अपराधी न ठरवता त्याच्या हाती उपाय देणारे आहे. ते प्रथम एकांतात, बैठक चालू नसताना मांडावे. इतर खेळाडूंचा अनुभव विचारण्यास हरकत नाही. पण विचारणा आणि तट पाडणे यांतील सीमा सांभाळावी. आपली नोंद आपल्याच विरुद्ध बोलत असेल, म्हणजे मोजून पाहता वाटणी सारखीच निघाली, तर ते मान्य करण्याची तयारीही हवी.

सातारा-सांगलीसारख्या गावांत खेळाडूंचा दुसरा संच सहजासहजी जमत नाही; म्हणून मन दुखावले तरी माणसे गप्प राहतात आणि खेळ एके दिवशी कारण न सांगता बंद पडतो. त्यातच सूत्रधार वयाने मोठा असून सर्वजण त्यास 'दादा' म्हणत असतील, तर हरकत ही निर्णयावरची न राहता नात्यावरची होऊन बसते. बैठकीपुरते 'सूत्रधार' हेच संबोधन वापरण्याचा संकेत येथे उपकारक ठरेल. दादास न विचारता येणारा प्रश्न सूत्रधारास विचारता येतो.

मराठेशाहीतील न्यायपद्धतीने या बाबतीत एक चांगली सोय करून ठेवली होती. पंचायतीपुढे वाद जाण्यापूर्वी दोन्ही पक्ष निर्णय मान्य करण्याचे लेखी वचन देत. त्या लेखास 'राजीनामा' म्हणत, म्हणजे राजी असल्याचा लेख. निकालानंतर हरणारा पक्ष 'येजितखत' लिहून देई, आणि गोतसभेचा निर्णय 'महजरा'त उपस्थितांच्या साक्षीने नोंदला जाई. पंचाची सत्ता अशा रीतीने आधीच्या संमतीवर व नंतरच्या नोंदीवर उभी होती. भूमिका-खेळातही हे घडवता येते. आकडा फासा टाकण्यापूर्वी जाहीर करावा. फासा सर्वांसमोर पडावा. वादग्रस्त निर्णय बैठकीत निमूट मानून त्याची चर्चा बैठकीनंतर करावी. ठरले ते वहीत लिहावे. शक्य तेव्हा सूत्रधाराचे काम आळीपाळीने घ्यावे. आळीपाळीचा आणखी एक लाभ असा की, पडद्यामागे बसून पाच जणांकडे सारखे लक्ष देणे किती कठीण असते ते प्रत्येकास अनुभवाने कळते.

इतके करूनही वाटणी बदलली नाही, तर संच सोडणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो, आणि तो कटुतेवाचून स्वीकारता येतो. 'राजीनामा' या शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात संमतीपासून पदत्यागापर्यंत सरकला. खेळाच्या आरंभी पहिल्या अर्थाचा राजीनामा सर्वांनी मिळून केला असेल, तर दुसऱ्या अर्थाचा राजीनामा देण्याची वेळ सहसा येत नाही.