वर्दी कोणाची, फैसला कोणाचा?

अनेक प्रकल्पांना सामाईक अशी एक उपयोगी लायब्ररी प्रत्येक मोठ्या संस्थेत हळूहळू आकारास येते. तारीख वाचणारी, फाइल उघडणारी, रकमांचे पूर्णांकन करणारी लहानलहान फंक्शने तिच्यात वर्षानुवर्षे साठत जातात. अशा लायब्ररीविषयी प्रोग्रॅमर मंडळींत एक समजूत फार दृढमूल झालेली आहे. ती अशी, की सुसंस्कृत लायब्ररीने आपल्या पोटातली चूक बाहेर पडू देऊ नये. एक्सेप्शन आलेच तर ते तेथल्या तेथे पकडावे, लॉगमध्ये एक ओळ लिहावी आणि वापरणाऱ्याच्या हाती नल ठेवून मोकळे व्हावे. ही समजूत सद्भावनेतून जन्मलेली आहे ह्यात मला संशय नाही. परंतु तिच्या पायी जितके दोष महिनोन्‌महिने दडून राहतात, तितके निव्वळ निष्काळजीपणामुळेही राहत नसतील.

‘३१/०२/२०२४’ हा मजकूर तारीख वाचणाऱ्या फंक्शनकडे आला असे समजा. फेब्रुवारीला एकतिसावा दिवस नसतो, एवढेच त्या फंक्शनला ठाऊक असते. तो मजकूर पडद्यावरच्या अर्जातून आला असेल तर अर्जदाराला पुन्हा विचारावे लागेल. रात्री चालणाऱ्या पगारपत्रकाच्या फाइलीतून आला असेल तर सगळे काम थांबवणे श्रेयस्कर ठरेल. जुन्या दफ्तराची आयात चालली असेल तर ती एक ओळ बाजूला काढून पुढे जाणेही योग्य होईल. ह्या तीन वाटांपैकी कोणती धरायची, हे केवळ हाक मारणारा प्रोग्रॅमच जाणतो, आणि नल परत करणारे फंक्शन नेमके कारणच त्याच्यापासून लपवून ठेवते. मग तीन थर पलीकडे, भलत्याच ठिकाणी, नलपॉइंटर एक्सेप्शन उठते आणि त्याच्या स्टॅक ट्रेसमध्ये तारखेच्या फंक्शनचे नावही सापडत नाही. नदीचे पाणी चढल्याची वर्दी तलाठ्याने तातडीने आणि तपशीलवार द्यावी, गाव हलवण्याचा अखत्यार मात्र मामलेदाराचा. लायब्ररीचे स्थान तलाठ्याचे आहे. ज्या अडचणीचा उपाय तिच्या स्वतःच्या कामाच्या हद्दीत असेल, ती तिने खुशाल निस्तरावी. बाकीच्यांचा निकाल तिने लावू नये.

ह्यावरून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि आतले एक्सेप्शन जसेच्या तसे वर जाऊ देतात. तेही बरोबर नव्हे, कारण सेटिंग वाचणाऱ्या फंक्शनातून डेटाबेसचे एक्सेप्शन बाहेर पडू लागले, की उद्या तेच सेटिंग फाइलीत हलवताच वापरणाऱ्या प्रत्येकाचा कोड बदलावा लागतो. आपल्या पातळीचे एक्सेप्शन फेकावे आणि मूळ कारण त्याला जोडून द्यावे. जावाने ही सोय १.४ आवृत्तीत दिली, पायथनने ३.० मध्ये.

सामाईक घटक एकदा कसून तपासला की कोठेही नेला तरी चोख चालतो, आणि चूक झाल्यास काय करायचे हेही त्याच्या आतच कायमचे ठरवून टाकता येते, ही समजूत किती महाग पडू शकते ह्याचा दाखला ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून सुटलेल्या एरियान ५ च्या पहिल्या उड्डाणाने दिला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील प्रोग्रॅम एरियान ४ वरून जवळजवळ तसाच आणलेला होता. नव्या अग्निबाणाचा क्षितिजसमांतर वेग जुन्याच्या मानाने फार झपाट्याने वाढत असल्यामुळे ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही आणि एक्सेप्शन उठले. धोका असलेल्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून उरलेल्या तीन तशाच सोडल्या होत्या. शिवाय ज्या गणनेत हे घडले, तिची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजही नव्हती.

येथवरची चूक आकडेमोडीची. घात केला तो धोरणाने. कोणतेही एक्सेप्शन आले की अपयश कळवावे, तपशील कायम स्मृतीत नोंदवावा आणि प्रोसेसर बंद करावा, असे घटकाच्या आत ठरलेले होते, कारण योजकांच्या मनात होता तो एखादा सुटा भाग यदृच्छेने बिघडण्याचा प्रसंग, ज्यात राखीव संच काम सांभाळून घेतो. परंतु राखीव संचातही तोच प्रोग्रॅम होता आणि तो ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडला होता. मुख्य संगणकापर्यंत पोहोचले ते निदानाचे आकडे. ती उड्डाणाचीच माहिती समजून त्याने इंजिनांचे नोझल पुरते वळवले आणि अग्निबाण सुमारे ३९ सेकंदांत विदीर्ण झाला. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स ह्यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने आपल्या अहवालात प्रोसेसर बंद करण्याच्या त्या निर्णयावरच बोट ठेवले.

निदानाची नोंद आणि कामाची माहिती एकाच वाटेने जाऊ लागली की काय होते, हे लॉगच्या बाबतीतही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्टँडर्ड आउटपुटवर ‘फाइल उघडली’ अशी एक निरुपद्रवी ओळ छापणारी लायब्ररी, त्याच आउटपुटमधून जेसॉन वाचणाऱ्या पुढच्या प्रोग्रॅमला बंद पाडू शकते. तरीही लायब्ररीने आपला लॉग आपणच थाटावा असे अनेकांना वाटते. पायथनचे उदाहरण घ्या: लायब्ररीने इम्पोर्ट होताच बेसिककॉन्फिग हे फंक्शन चालवले, तर नंतर मुख्य ऍप्लिकेशनने आपल्या पद्धतीने तेच चालवले तरी त्याचा काही परिणाम होत नाही, कारण मूळ लॉगरला हँडलर आधीच लागलेला असतो. घरच्या धन्याचा हुकूम पाहुण्याने असा रद्द करावा, हे सर्वथा अनुचित. पायथनचे अधिकृत दस्तऐवज म्हणूनच सांगतात, की लायब्ररीने आपल्या नावाचा लॉगर घ्यावा आणि त्याला नलहँडलरखेरीज कोणताही हँडलर जोडू नये. एक्सेप्शन लॉगमध्ये लिहून पुन्हा वर फेकण्याची सवयही अशीच सोडण्याजोगी. प्रत्येक थराने तसे केले म्हणजे एका बिघाडाच्या चार कैफियती होतात आणि रात्रपाळीचा माणूस चार बिघाड शोधत बसतो.

सर्वांत चिवट गैरसमज डिपेंडन्सीचा आहे: लॉगिंगची जार घेतली की घेतली, मग ती एपीआयची असो वा प्रत्यक्ष अंमलबजावणीची. लॉगफोरजेचे मूळ कर्ते जेकी ग्युल्जू ह्यांनी पुढे एसएलएफफोरजे रचले ते हाच भेद स्पष्ट करण्यासाठी: लायब्ररीने फक्त एपीआयवर अवलंबून राहावे, नोंदी कोठे व कशा लिहायच्या हे ऍप्लिकेशनने एकच अंमलबजावणी निवडून ठरवावे, आणि ती सापडलीच नाही तर एक सूचना देऊन नोंदी सोडून द्याव्यात. लायब्ररींनी आपापली अंमलबजावणी सोबत आणली, की एक जोडणी नोंद इकडून तिकडे पाठवते, दुसरी तिकडून इकडे, आणि स्टॅक संपेपर्यंत तीच नोंद फिरत राहते.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे २ मधील लॉगफोरशेल हा दोष, सीव्हीई-२०२१-४४२२८, जाहीर झाला आणि त्याची तीव्रता १० पैकी १० ठरवली गेली, तेव्हा ह्या भेदाची किंमत सगळ्यांना कळली. दोष होता तो लॉगफोरजे-कोअर ह्या जारमध्ये. केवळ लॉगफोरजे-एपीआय वापरणाऱ्या लायब्ररीत तो नव्हता. अशा लायब्ररींना त्यापायी नवी आवृत्ती काढावी लागली नाही. ऍप्लिकेशनने आपली कोअर जार बदलली की पुरत होते. ज्यांनी कोअर आपल्याच जारच्या पोटात बांधून टाकली होती, त्यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक जार उघडून आत शोधावे लागले, आणि सापडल्यावरही ती बदलण्यासाठी त्या त्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली.