जेऊरचं ग्रहण आणि सूर्याचं चुंबकत्व

माढ्याहून पुण्याकडे रेल्वेने निघालं, की कुर्डुवाडी आणि केमच्या पुढे जेऊर लागतं. सुट्टी संपवून हॉस्टेलला परतताना आपल्यापैकी बरेच जण हे स्टेशन झोपेतच पार करतात. पण २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणासाठी याच जेऊरला थेट कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल आले होते. पुण्याहून आले होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. ते शिकवायचे तेव्हाच्या ‘कॉलेज ऑफ सायन्स’मध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये! इंजिनिअरिंगवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचे फोटो आणि वर्णपट घ्यायचे होते. वर्णपटातल्या रेषांवरून सूर्यावर कोणती मूलद्रव्यं आहेत हे तेव्हा ओळखता येत होतं. पण त्याच रेषांमध्ये सूर्याचं चुंबकत्वही लिहिलेलं असतं, ही लिपी अजून कोणाला वाचता येत नव्हती.

रेष फुटते म्हणजे काय?

मित्रांनो, झीमन इफेक्टचं नाव फिजिक्सच्या तासाला आपल्या कानावरून गेलेलं असतं. १८९६ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला पीटर झीमन यांनी सोडियमची ज्योत विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवली, तर तिच्या रेषा रुंदावल्या. कारण चुंबकीय क्षेत्रात अणूमधली एक ऊर्जापातळी अनेक पातळ्यांत विभागते, त्यामुळे एका रेषेच्या जागी अनेक रेषा येतात. क्षेत्र जितकं जास्त, तितकं त्यांच्यातलं अंतर जास्त. म्हणजे अंतर मोजलं की क्षेत्र कळलं!

१९०८ मध्ये माउंट विल्सनवर जॉर्ज हेल यांना सौरडागांच्या वर्णपटात अशाच दुहेरी रेषा दिसल्या. उत्तर आलं सुमारे ३००० गाउस. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र अर्धा गाउससुद्धा भरत नाही.

मग अडचण कुठे?

आकडा घालून बघू. आज नासाचा एसडीओ उपग्रह लोखंडाची ६१७३ अँगस्ट्रॉमची रेषा वापरतो. ३००० गाउसला ती दोन्ही बाजूंना फक्त ०.१३ अँगस्ट्रॉम सरकते. डागाबाहेर क्षेत्र १०० गाउस असेल, तर सरकणं ०.००४४ एवढंच. अणूंच्या धावपळीमुळे रेष मुळातच याच्या कितीतरी पट जाड असते. फुटलेले भाग एकमेकांवर चढतात आणि डोळ्याला एकच रेष दिसते.

इथे ध्रुवीकरण कामाला येतं. क्षेत्र आपल्या दिशेने असेल तर एका बाजूला सरकलेला प्रकाश डावा वर्तुळाकार ध्रुवित असतो, दुसऱ्या बाजूचा उजवा. दोन्ही वेगळे मोजायचे आणि वजाबाकी करायची. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हा डिफरन्शियल अँप्लिफायरच वाटेल : दोघांत सारखं आहे ते उडून जातं, फरक तेवढा उरतो. क्षेत्र आडवं असेल तर रेषीय ध्रुवीकरण मिळतं. हे सगळं मिळून चार राशी होतात, त्यांना स्टोक्स पॅरामीटर्स म्हणतात.

पुढचं काम उलटं गणित. सूर्याच्या वातावरणाचं एक मॉडेल घ्यायचं, त्यात क्षेत्राची किंमत आणि दिशा धरायची, वर्णपट काढायचा, मोजलेल्याशी ताडून बघायचा आणि जुळेपर्यंत किंमती बदलत राहायचं. म्हणजे सूर्याच्या क्षेत्राचा नकाशा हा फोटो नसतो, तो अनुमान असतो. मॉडेल चुकलं तर नकाशाही चुकतो.

बाण कुठल्या टोकाला?

शिवाय दोन गोष्टी सतावतात. एसडीओच्या एका पिक्सेलमध्ये सूर्याचा सुमारे ३६० किलोमीटरचा तुकडा मावतो. त्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुव शेजारी असले तर वजाबाकीत एकमेकांना खाऊन टाकतात. दुसरं म्हणजे, आडव्या क्षेत्राची दिशा १८० अंशांनी उलटली तरी रेषीय ध्रुवीकरण तेच राहतं. हॉस्टेलच्या गच्चीवरची कपड्यांची दोरी पूर्व-पश्चिम बांधली आहे एवढं कळतं, बाण कुठल्या टोकाला काढायचा ते कळत नाही. तो आजूबाजूच्या क्षेत्रावरून ठरवावा लागतो. बाण चुकला की डागामधल्या विद्युतप्रवाहाचं आणि साठलेल्या ऊर्जेचं गणितही बिघडतं.

बिघडलं तर बिघडलं, आपल्याला काय? १३ मार्च १९८९ ला सौरवादळामुळे कॅनडातल्या क्वेबेकची वीज गेली. सुमारे ६० लाख माणसं नऊ तास अंधारात होती. अशी वादळं कुठल्या डागातून उठू शकतात, याचा अंदाज याच नकाशांवरून बांधतात. म्हणून हा बाण महत्त्वाचा.

नायगमवालांची पुण्यातली वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि त्यांची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पण जेऊर तिथेच आहे. पुढच्या वेळी गाडी तिथून जाईल तेव्हा जागे राहा. पदरात पडलेला डेटा आणि त्याचा कळलेला अर्थ यांत कधीकधी दहा वर्षांचं अंतर असतं, एवढं आठवलं तरी पुरे. आपल्या जर्नलमधली न जुळणारी रीडिंग्ज खोडण्याआधीसुद्धा!