खासदाराचं मत जिल्हाप्रमुखाच्या हाती नसतं

बुलढाण्यात पक्ष कुठलाही असो, बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘जिल्हा संघटनेनं दम भरला, तर खासदार लोकसभेत विरोधात मत देईल.’ सोयाबीनचा भाव पडला की याच भरवशावर निवेदनं दिली जातात. ऐकून चीड येते, कारण कार्यकर्त्यांची ताकद भलतीकडेच वाया जाते.

1985 साली 52व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षादेशाविरुद्ध, मत दिलं किंवा विनापरवानगी मतदान टाळलं, आणि पक्षानं 15 दिवसांत ते माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. हा व्हिप जिल्हा कार्यालयातून निघत नाही. जिल्हाप्रमुखाच्या ठरावाला तिथे कायद्यानं काडीची किंमत नाही. शिवाय बरीच विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. मतविभागणी कुणी मागितलीच नाही, तर आपल्या खासदारानं काय केलं याची नोंदही सापडत नाही.

गट बदलतानाही तेच. जुलै 2022 मध्ये बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव शिवसेनेच्या शिंदे गटात गेले. त्यासाठी जिल्हा कार्यकारिणीची मंजुरी कायद्याला लागली नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगानं शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, तेव्हाही आधार धरला तो आमदार-खासदारांच्या बहुमताचा. संघटनेतल्या बहुमतावरून ठोस निष्कर्ष निघत नाही, असं आयोगाचं म्हणणं होतं.

मग संघटना कुचकामी का? मुळीच नाही. तिचा हिशेब बूथवर होतो. 2019 मध्ये जाधव 1,33,287 मतांनी निवडून आले. 2024 मध्ये मताधिक्य 29,479 वर आलं. अपक्ष उमेदवार रविकांत तुपकरांनी अडीच लाखांच्या आसपास मतं घेतली हे खरंच, पण समोर ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर होते आणि जुनी शिवसेना दोन्हीकडे वाटली गेली होती, हे विसरून चालणार नाही.

खासदाराला व्हिप आड येत नाही अशा जागाही आहेत: शून्य प्रहर, नियम 377, तारांकित प्रश्न. खामगाव-जालना रेल्वेमार्गासाठी तालुका शाखांनी कागदपत्रांसह रेटा लावायचा तो इथे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. राष्ट्रपती निवडणुकीत व्हिप काढता येत नाही. वर्षाचा 5 कोटींचा खासदार निधी पक्षाचा नसतो. खासदार कामं सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. आणि जिल्ह्याचा खासदार एकच, हेही खरं नाही: मलकापूर विधानसभा मतदारसंघ रावेर लोकसभेत मोडतो, तेव्हा मलकापूर-नांदुऱ्याच्या कार्यकर्त्यांनी निवेदन रावेरच्या खासदारांकडे न्यावं.