संगणक उशिरा का उठतो?

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था आहेत. पहाटे धार काढली की माणसे किटल्या घेऊन संस्थेत येतात. दूध मोजतात, फॅट काढतात आणि आकडा संगणकात जातो. दहा दिवसांचे बिल त्यावरूनच निघते. आता समजा, संगणकच उठला नाही तर? रांग वाढते. दुधाची गाडी दारात येऊन उभी राहते. ती तरी किती वेळ थांबणार? दूध नासले तर नुकसान आपलेच.

आपल्या भागाला संगणक नवा नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी संगणकांची एक योजना सुरू झाली. उसाच्या नोंदी गावातच मिळाव्यात, कारखान्यावर हेलपाटा पडू नये, हा त्यातला एक हेतू. आज ग्रामपंचायतीतही संगणक आहे. आणि तक्रार सगळीकडे सारखीच. "काल एका मिनिटात चालू झाला. आज दहा मिनिटं झाली, नुसतं गोल फिरतंय!"

"मग नवा घ्या की," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही म्हणतो, जरा दम धरा. आधी तो अडतो कुठे ते पाहा.

बटण दाबले की संगणक पहिल्यांदा हजेरी घेतो. मेमरी आहे का? कीबोर्ड आहे का? डिस्क आहे का? डिस्क म्हणजे त्याचे कोठार. सगळा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्रॅम तिथे ठेवलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो विंडोज असतो. हजेरी झाली की विंडोज कोठारातून निघून कामाला लागतो. त्याच्या मागून बाकीचे प्रोग्रॅम जागे होतात.

हजेरीतच अडला, तर मागे कुणाचा पेन ड्राइव्ह राहिला आहे का बघा. कधी कधी संगणक विंडोज त्यातच शोधत बसतो. पडद्यावर चित्र आल्यावर अडला, तर जागे होणारे प्रोग्रॅम फार झाले आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपची यादी असते. नको ते प्रोग्रॅम तिथे बंद करता येतात. व्हायरस अडवणारा प्रोग्रॅम मात्र बंद करू नका, बरं का.

पण एक दिवस लवकर, एक दिवस उशीर, हे कसे? २०१२ पासून विंडोजमध्ये एक सोय आली आहे. संगणक रीतसर बंद केला, की कारभाराचा बराच भाग तो डिस्कवर मांडून ठेवतो. सकाळी तोच उचलतो, म्हणून लवकर उठतो. रात्री मध्येच वीज गेली, तर मांडून ठेवायला सवडच मिळत नाही. मग सगळे पहिल्यापासून. शिवाय कुठे काही बिघडले का, तेही तो कधी कधी तपासत बसतो. काही ठिकाणी तर घाईघाईने भिंतीवरचा खटकाच पाडतात! तसे करू नये. विंडोजच्या सुधारणा आल्या असतील तरी उशीर होतो. त्या संध्याकाळचे दूध घेऊन झाल्यावर पुऱ्या होऊ द्याव्यात.

वीज गेली नाही, सुधारणा नाही, तरी उशीर होतो? मग डिस्कवर संशय घ्या. जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. वर्षे गेली की तिच्यातल्या काही जागा खराब होतात. खराब जागेवरचा मजकूर संगणक पुन्हा पुन्हा वाचू पाहतो. कधी लगेच वाचता येतो, कधी येत नाही. टकटक आवाज येत असेल तर एक दिवसही दवडू नका. दुरुस्ती मागाहून. आधी सगळा हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्क गेली तर सभासदांचे दूध कशावरून मोजणार?

आठ दिवस वहीत लिहा. किती मिनिटे लागली, कुठे अडला, रात्री वीज गेली होती का. दुरुस्तीवाल्याला ती वही दाखवा. एका वेळी एकच बदल करायला सांगा, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. जुन्या डिस्कऐवजी एसएसडी बसवता येते. तिच्यात फिरणारे काही नसते. आमच्या मते बऱ्याच जुन्या संगणकांना एवढा एक खर्च पुरतो.

काढलेली डिस्क मात्र दुकानात सोडून येऊ नका. सभासदांची नावे आणि बँकेचे खाते नंबर तिच्यात तसेच असतात.