महिनाअखेरची बिघडलेली फाईल आणि सर्व्हरचे कुलूप

कापडाच्या धंद्यात ठिगळ म्हटले की माल उतरला. ताग्यात एक भोक निघाले तर गिऱ्हाईक वाटाव मागते, दोन निघाली तर तागा परत येतो. उर्दू शाळेत आम्ही ज्याला पैवंद म्हणत असू, त्याची बाजारात कधी किंमत झाली नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत हिसाब उलटा आहे. तिथे ज्याच्या मालाला वेळेवर ठिगळ लागते तोच माल खरा. ही गोष्ट आम्हाला २०२२ च्या मार्च महिन्यात, ऐन वर्षअखेरीला, चार दिवस उशिरा समजली.

आमच्या पेढीत पूर्वी रोजमेळ, खतावणी आणि यार्नची वही मेहताजींच्या कपाटात असे. कपाटाची किल्ली दोघांकडे. आता सारा कारभार एका सर्व्हरवर आहे. त्यावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. ग्रे कापडाची आवक, सायझिंगचे बील, दलाली, उधारी हे सर्व त्यात. नऊ जणांना त्यात खाती दिलेली आहेत. प्रत्येकाला आपापल्या कामापुरतीच मुभा. गोडाऊनवाल्याने माल पहावा, भाव बदलू नये. सेल्समनने उधारी पहावी, खोडू नये. ज्याला सर्व काही करता येते अशा मालकाच्या खात्याला लिनक्समध्ये ‘रूट’ म्हणतात. सामान्य खातेदार एखाद्या फटीतून शिरून रूट होऊन बसला की सारी कुलपे बिनकामाची. आमच्यासारख्यांना बाहेरच्या चोराची धास्ती असते. ही भानगड मात्र ज्याला आपण आत घेतले आहे त्याच्यापासून सुरू होते.

अशा फटी काही नव्या नाहीत. २०१६ साली ‘डर्टी काऊ’ नावाची फट बुजवली गेली, ती २००७ पासून लिनक्समध्ये होती. २०२२ च्या जानेवारीत क्वालिस कंपनीच्या लोकांनी ‘पीकेएक्झेक’ या छोट्या प्रोग्राममधली जी फट जाहीर केली, तिचे वय बारा वर्षांहून जास्त निघाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी ‘डर्टी पाईप’चे नाव आले. आम्हाला हीच सविस्तर सांगायची आहे, कारण तिचा शोध लागला तो आपल्याला समजेल अशाच कामातून, म्हणजे महिनाअखेरचा हिसाब जुळेना यातून.

जर्मनीत सीएमफोरऑल नावाची वेबसाईट चालवून देणारी कंपनी आहे. तिथे मॅक्स केलरमन नावाचे प्रोग्रामर काम करतात. एप्रिल २०२१ मध्ये एका गिऱ्हाईकाची तक्रार आली की, डाऊनलोड केलेली नोंदवही उघडत नाही. फाईल पाहिली तर आतला मजकूर शाबूत, पण शेवटी जो पडताळ्याचा आकडा असतो तो चुकीचा. आपण पानाखाली बेरीज मांडतो तसाच हा प्रकार समजा. केलरमन यांनी आकडा हाताने दुरुस्त करून दिला आणि प्रकरण मिटवले. आम्हीही तेच केले असते. पण काही महिन्यांनी पुन्हा तक्रार, मग आणखी. बहुतेक बिघडलेल्या फाईली महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या निघाल्या.

त्या कंपनीत रोजची एक फाईल दाबून ठेवत. गिऱ्हाईकाने महिन्याचा हिसाब मागितला की सर्व दिवसांच्या फाईली एकामागून एक ‘झिप’ गठ्ठ्यात बांधून देत आणि शेवटी गठ्ठ्याची यादी जोडत. बिघडलेल्या फाईलीच्या शेवटची आठ अक्षरे तपासली तर त्यांची सुरुवात ‘पीके’ या अक्षरांनी होत होती. झिप काढणारे फिल कात्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे, आणि प्रत्येक झिपच्या यादीत ती येतात. म्हणजे गठ्ठ्याची यादी लिहिताना तिचा पहिला तुकडा शेवटच्या दिवसाच्या मूळ वहीत उमटत होता. गंमत अशी की गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रामला मूळ वही फक्त वाचायची परवानगी होती, लिहायची नव्हतीच. ज्याच्या हातात लेखणी नाही त्याच्या हातून वहीत अक्षर उमटते कसे? यावरून दोष त्या प्रोग्रामचा नसून खाली कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा आहे हे त्यांनी ताडले. मग दोन चिमुकले प्रोग्राम लिहिले. एक फाईलीत ‘ए’ अक्षरे लिहीत राहतो, दुसरा तीच फाईल पाईपमध्ये सोडून मागाहून ‘बी’ अक्षरे पाईपमध्ये टाकतो. फाईलीत ‘बी’ दिसू लागली. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी हा गुंता सुटला.

आतली हकीकत आमच्या भाच्याने आम्हाला गोडाऊनच्या भाषेत समजावली. डिस्क म्हणजे लांबचे गोडाऊन. कर्नल फाईलीची पाने एकदा आणून काऊंटरवर, म्हणजे मेमरीत, ठेवतो. ज्याला वाचायचे त्याने तीच पाने वाचायची. पाईप म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माल सरकवण्याची नळी. वेळ वाचावा म्हणून कर्नल पानाची नक्कल न करता काऊंटरवरच्या मूळ गाठीची चिठ्ठीच नळीत टाकतो. नळीतल्या काही गाठींवर ‘यात आणखी भर घालता येईल’ असा शिक्का असतो. तो शिक्का नव्या गाठीसाठी पुसायला हवा होता, तो पुसायचा राहिला. ही चूक २०१६ मधल्या एका बदलातली, पण २०२० साली कर्नल ५.८ मध्ये शिक्क्याची पद्धत बदलली तेव्हा ती धोक्याची झाली. जुना शिक्का नव्या गाठीवर राहिला की नळीत टाकलेला माल थेट काऊंटरवरच्या मूळ पानात भरला जातो. ते पान खातेदारांच्या यादीचे असेल तर कोणीही स्वतःला मालक लिहून घेऊ शकतो. एक बारीक गोष्ट याहून त्रासाची. असा बदल केवळ काऊंटरवरच्या पानात होतो, डिस्कवर जाईलच असे नाही. मशीन बंद करून चालू केले की पुरावाही गेला.

केलरमन यांनी दुसऱ्याच दिवशी कर्नलच्या लोकांना कळवले. गुगलच्या पिक्सेल ६ या फोनवरही तोच दोष निघाला. २३ फेब्रुवारीला दुरुस्त कर्नल बाहेर पडले आणि ७ मार्चला सर्व जाहीर झाले. ठिगळ अवघे दोन ओळींचे: शिक्का दोन ठिकाणी शून्य करा. पुढे एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा खात्याने, ज्या फटींतून प्रत्यक्ष हल्ले झाले त्यांच्या यादीत हिचे नाव घातले.

आता आमचे. आमच्या सर्व्हरवर डेबियन ११ होते, त्याचा कर्नल ५.१०, म्हणजे फटीच्या टापूतला. (ज्यांच्याकडे ५.८ पूर्वीचा मूळ कर्नल होता त्यांना या फटीचा त्रास नव्हता. जुने असण्याचा असाही फायदा असतो.) भाचा ९ मार्चला, बुधवारी, म्हणाला, “मामू, दुरुस्त कर्नल येऊन पडला आहे, पण मशीन एकदा बंद करून चालू करावे लागेल. तोवर जुनाच कर्नल चालत राहणार.” आम्ही म्हटले, ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा, त्यात वर्षअखेर, या घडीला मशीनला हात लावायचा नाही. तो म्हणाला, “दहा मिनिटांचे काम आहे.” आम्ही म्हटले, तुझी दहा मिनिटे आम्हाला ठाऊक आहेत. काही वितरक मशीन चालू ठेवून ठिगळ लावण्याची सोय देतात, पण ती आमच्याकडे घेतलेली नव्हती. स्क्रीनवर नवा माल उतरल्याचे दिसत होते म्हणून आम्ही निश्चिंत होतो. नवे कुलूप विकत आणून खोक्यात ठेवावे आणि दाराला जुनेच लटकत असावे, असे ते चार दिवस गेले.

शनिवारी रात्री दुकान वाढवल्यावर भाच्याने बंद करण्याआधी नोंदी चाळल्या. दिवाळीत आमच्याकडून दुसऱ्या पेढीवर गेलेल्या एका मेहताचे खाते उघडेच होते. गुरुवारी रात्री त्या खात्यातून कोणीतरी एकदा आत येऊन सात मिनिटांनी बाहेर गेले होते. आम्ही फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मला माझा वर्षाचा पगार बघायचा होता. तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हणून जुन्या पासवर्डने पाहिला.” चौदा वर्षे त्याने आमची उधारी सांभाळली, एका पैशाची गफलत केली नाही. बोलणे पटण्यासारखे होते. तरीही त्या रात्री आम्ही उधारीची बाकी एकेक कागदी चलनाशी ताडून पाहिली. पहाटे तीन वाजले. सर्व जुळले. भाव कोणी पाहिले का, गिऱ्हाईकांची यादी कोणी उतरवून घेतली का, याचा मात्र हिसाब कुठल्या चलनाशी ताडणार? त्याच्यावर आळ घेण्याचा आम्हाला हक्क नव्हता. खाते बंद करायचे काम आमचे होते आणि मशीन बंद करायला नको म्हणणारेही आम्हीच.

त्या मेहताचे आणि आणखी दोन जुन्या माणसांचे खाते तिथल्या तिथे बंद केले. रोजमेळाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली. मग भाच्याने मशीन बंद केले. चालू झाल्यावर त्याने ‘यूनेम’ आज्ञा देऊन कोणता कर्नल खरोखर चालतो आहे ते दाखवले, कारण उतरलेला माल आणि चालणारा माल यांतला फरक आम्हाला तोवर समजला होता. घड्याळात पाहिले तर अकरा मिनिटे झाली होती. भाचा म्हणाला, “मामू, एक मिनिट जास्त लागले.” कर्नलचा आकडा आणि तारीख आम्ही रोजमेळाच्या समासात पेनाने लिहून ठेवली.